आपल्या लेण्यात राक्षस कशाला?



गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील काही कुटुंबे मिळून अजिंठ्याची लेणी पाहावयास गेली होती. त्यांतील बहुतेकांनी अलीकडच्या काही वर्षांतच धम्मदीक्षा घेतलेली. सव्विसाव्या लेण्यात तथागतांच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. तिच्यापुढे आम्ही त्रिवार वंदन केले, त्रिशरण-पंचशील म्हटले, आणि भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकलो. त्याच भिंतीवर आणखी एक मोठे शिल्प आहे. मध्यभागी भगवान वृक्षाखाली शांत बसलेले आहेत आणि त्यांच्या अंगावर एक अक्राळविक्राळ फौज चालून येत आहे. आमच्याबरोबरच्या एका वृद्ध आजींनी झटकन नातवाचे डोळे पदराने झाकले. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "बाई, आपुन म्हसोबा सोडला, मरीआय सोडली, घरातले टाक पान्यात सोडले. मंग हे राकीस हितं आपल्या भगवंताच्या लेण्यात कशाला?"

मी शाळेत शिकविते, म्हणून उत्तराची अपेक्षा माझ्याकडून. मी काहीतरी बोलले, पण ते नीट नव्हते हे मलाच समजत होते. तेवढ्यात बसची वेळ झाली. आजींचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. तो एकट्या आजींचा नाही, आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असणार. म्हणून जे तेथे सांगावयास हवे होते ते येथे सांगते.

त्या शिल्पातील चालून येणारा तो मार. बोधगयेस सिद्धार्थ गौतम दृढ निश्चयाने ध्यानाला बसले तेव्हा त्यांना उठविण्यासाठी तो आला, अशी कथा आहे. अजिंठ्याच्या कारागिराने त्याला हत्तीवर बसविले आहे, सोबत शस्त्रे उगारलेली सेना दिली आहे. खालच्या बाजूस त्याच्या मुली नाचत-गात आहेत, कारण भीतीने जो उठत नाही तो मोहाने तरी उठेल, असा त्याचा हिशेब. आणि पुढे तोच मार हिरमुसला होऊन बसलेला दिसतो. सर्व काही एकाच दगडात. आता मधल्या मूर्तीचा उजवा हात पाहा. तो हात शस्त्राकडे गेलेला नाही. तो खाली, जमिनीला टेकलेला आहे. एवढ्या मोठ्या फौजेविरुद्ध भगवंतांनी केले ते एवढेच. त्यांनी भूमीला साक्षीला बोलाविले.

हाच प्रसंग पहिल्या लेण्यातही रंगांनी काढलेला आहे. गाभाऱ्याच्या अलीकडे जी लहान खोली आहे तिच्या डाव्या भिंतीवर तो आहे. बराच भाग झडून गेला आहे, तरी सुळे, वटारलेले डोळे आणि उगारलेली हत्यारे ओळखू येतात. ही दोन्ही लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने कोरवून घेतले असे तेथील शिलालेखातच लिहिलेले आहे. म्हणजे एका भिक्खूने हे राक्षस मुद्दाम करवून घेतले. चुकून आलेले नव्हेत ते.

यापेक्षा जुने राक्षस पाहावयाचे असतील तर सांचीच्या स्तूपाला गेले पाहिजे. तेथील उत्तरेकडच्या तोरणावर, मागील बाजूच्या मधल्या पट्टीवर, मारसेना कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे काम. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवीत नसत, म्हणून वृक्षाखाली रिकामे आसन आहे आणि त्या रिकाम्या आसनावर सैन्य चालून गेले आहे. मी त्याची छायाचित्रे वर्गातील मुलांना दाखविली. मुले घाबरली नाहीत, खुदुखुदु हसू लागली! कारण त्या राक्षसांची तोंडे जत्रेतल्या सोंगासारखी आहेत. गाल फुगविलेले, पोटे सुटलेली, जबडे वासलेले. मला वाटते, सांचीच्या त्या कारागिराला काही तरी नेमके उमगले होते. जवळ जाऊन नीट पाहिले की भीतीचे तोंड हास्यास्पदच असते.

आणखी एक चित्र सांगते. चीनमध्ये वाळवंटाच्या कडेला तुनह्वांग येथे बौद्ध लेणी आहेत. तेथून मिळालेले दहाव्या शतकातील एक रेशमी चित्र आज पॅरिसच्या गीमे संग्रहालयात आहे. विषय तोच, मारविजय. परंतु त्यातील एका राक्षसाच्या हातात तलवार नाही, भाला नाही. आग ओकणारी नळी आहे. दारूगोळ्याच्या हत्याराचे हे सर्वांत जुने चित्र, असे इतिहासकार मानतात. याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. राक्षस काढणाऱ्या चित्रकाराने राक्षस कोठे पाहिला होता? कोठेच नाही. त्याने आपल्या काळातील माणसांच्या हातात जे भयंकर पाहिले तेच राक्षसाच्या हातात दिले. हत्तीदळाची भीती होती तेव्हा मार हत्तीवरून आला, दारू निघाली तेव्हा तो दारू घेऊन आला.

मग मार खरा कोण? सुत्तनिपातात पधानसुत्त म्हणून एक जुने सुत्त आहे. त्यात त्याच्या सेनांची गणतीच दिलेली आहे, आणि त्या गणतीत सुळे असलेला एकही शिपाई नाही! पहिली सेना कामवासनेची. दुसरी अरतीची, म्हणजे चांगल्या कामाचा येणारा कंटाळा. तिसरी तहान-भुकेची, चौथी तृष्णेची, पाचवी आळस आणि गुंगी. सहावी सेना भीतीची. तिच्यामागे संशय, ढोंग, ताठा येतात, आणि शेवटी लोभ, खोटी प्रतिष्ठा, स्वतःची स्तुती व दुसऱ्याची निंदा. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हीच गोष्ट सरळ केली. ध्यानस्थ गौतमाच्या मनात जे वाईट विचार आणि विकार शिरू पाहत होते त्यांनाच पुराणाच्या भाषेत माराची मुले म्हटले आहे, असा त्यांचा खुलासा आहे. बाहेरून कोणी आलेच नव्हते.

तिसऱ्या सेनेबद्दल मात्र एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या वाडवडिलांसाठी भूक हा मनाचा विकार नव्हता. ती खरीच होती, आणि तिचा मालक गावात राहत होता. भिंतीवरच्या माराविषयी बोलताना हे मी विसरू शकत नाही.

आजी, तुम्ही विचारलेत की आपण म्हसोबा सोडला, मग हे कशाला. उत्तर हे, की म्हसोबाला आपण शेंदूर लावीत होतो, कोंबडे देत होतो, तो रागावू नये म्हणून. येथे माराला कोणी शेंदूर लावलेला नाही. ज्याला ओळखावयाचे आहे त्याला भिंतीवर काढून ठेवले आहे, फळ्यावर काढतात तसे.

परंतु राक्षसांच्या चित्रांची आणखी एक जात आहे. तिच्याबद्दल मला अधिक बोलावयाचे आहे, कारण ती चित्रे आपल्या अंगाला चिकटलेली आहेत.

मी चौथीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात कृष्णलीलेचे नाटुकले बसविले होते. राधा, यशोदा, गवळणी, सगळ्या ठरल्या. पूतना कोण? बाईंनी वर्गावर नजर फिरविली आणि माझ्यावर थांबविली. रंगवणाऱ्याने काजळीची डबी उघडली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "हिला कशाला काजळी? हिला नुसते दात लावा." सगळे हसले. मीही हसले. पुठ्ठ्याचे दात लावून मी रंगमंचावर आडवी पडले, माझा वध झाला, टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आईने विचारले, "काय झालीस ग नाटकात?" मी म्हटले, "गवळण."

हे सांगितले ते सहानुभूतीसाठी नव्हे. बाईंनी ते चित्र स्वतः बनविले नव्हते. ते त्यांच्या डोळ्यांत आधीपासूनच होते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि तेव्हापासून देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. पुढे कॅलेंडरे आली, मुलांची चित्रमय पुस्तके आली. बहुतेक ठिकाणी मांडणी एकच. देव-देवी गोऱ्या, नाकेडोळी नीटस. असुर मात्र काळा, जाड ओठांचा, कुरळ्या केसांचा, आणि त्याच्या छातीत शस्त्र रुतलेले. लहान मूल वाचावयाच्या आधी चित्र पाहते. आपली मुले ती पुस्तके पाहत असत तेव्हा त्यांना आपल्या मामासारखा, आजोबासारखा कोण दिसत असेल?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त याच ठिकाणी बोट ठेवले. राक्षस हा शब्द मूळचा रक्षक, असे त्यांनी मांडले. या भूमीचे जे रक्षणकर्ते होते त्यांनाच जिंकणाऱ्यांनी राक्षस ठरविले, असा त्यांचा आरोप. भाषेचे पंडित या व्युत्पत्तीशी वाद घालोत. ज्याच्या हाती कुंचला, त्याच्या शत्रूच्या तोंडी सुळे, हे कोण नाकारील?

अजिंठ्यात या दृष्टीने पुन्हा पाहा. पहिल्या लेण्यात एक राजकन्या रंगविली आहे, जगभरचे अभ्यासक तिला कृष्णवर्णी राजकन्या म्हणून ओळखतात. काळी आहे, अलंकारांनी नटलेली आहे, अतिशय सुंदर आहे. आमच्यातील एक दहावीतील मुलगी तिच्यापुढे बराच वेळ उभी होती. मी तिला हाक मारली नाही. उलट सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा आहे. गलबत फुटून व्यापारी एका बेटावर लागतात, तेथे त्यांचे स्वागत करणाऱ्या रूपवान स्त्रिया प्रत्यक्षात राक्षसिणी असतात. म्हणजे त्या चित्रकाराच्या मते राक्षस ओळखण्याची खूण कातडीचा रंग नव्हे, गोरेगोमटे रूपही नव्हे. एक तक्रार मात्र मी नोंदविते. राक्षसीणही बाईच, माराने मोह पाडण्यास पाठविल्या त्याही मुलीच. लेणी कोरणारे आणि कोरवून घेणारे बहुधा पुरुषच होते, हे येथे दिसून येते.

आता दुसऱ्या लेण्यात चला. गाभाऱ्याच्या उजव्या हाताला एक लहान दालन आहे. त्यात एक स्त्री आणि एक पुरुष बसलेले आहेत. स्त्री हारिती, तिचा पती पांचिक. तिच्या मांडीवर मूल आहे, चेहरा प्रसन्न, आईचा. ही कोण? राजगृह नगरातील मुले पळवून खाणारी राक्षसीण! म्हणजे आपल्या नाटकातली पूतनाच म्हणा. तिला स्वतःची पाचशे मुले होती. तथागतांनी काय केले? त्रिशूळ घेतला नाही. तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली झाकून ठेवले. ती वेड्यासारखी शोधत फिरली आणि शेवटी त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी विचारले, पाचशेतले एक नाहीसे झाले तर तुझी ही दशा, मग ज्यांना एक-दोनच होती त्यांचे काय झाले असेल? त्या प्रश्नाने ती बदलली. मूर्तीच्या मागे वरच्या बाजूस पाहा, एकीकडे ती चवताळून अंगावर धावलेली आहे, दुसरीकडे तीच नम्र झालेली आहे.

एका विनयग्रंथात तिची आणखी मागची हकीगत आहे. आधीच्या जन्मी ती एका गुराख्याची गर्भवती बायको होती. ताक विकायला निघाली असता उत्सवाला चाललेल्या नगरातील लोकांनी तिला नाचायला लावले, त्यात तिचा गर्भ गेला, आणि त्या दुःखात तिने या नगरातील मुले खाईन असा संकल्प केला. जन्माजन्माचा भाग आपण बाजूला ठेवू. बाबासाहेबांनी आत्म्याच्या पुनर्जन्माला धम्मात जागा ठेवलेली नाही. परंतु गोष्ट सांगणाऱ्याला काय म्हणावयाचे आहे ते ऐका. राक्षसीण आभाळातून पडत नाही. कोणीतरी एका गरीब बाईला ताकाचे मडके खाली ठेवून नाचायला लावलेले असते. पूतनेच्या गोष्टीत तिला हे कोणी विचारलेच नाही. तेथे ती मेली, की गोष्ट संपते.

म्हणून आपल्या भिंतींवरील राक्षस कोणाच्या पायाखाली चिरडलेले फारसे दिसत नाहीत. मार हिरमुसला होऊन परत जातो. आळवक यक्ष भगवंताला जिवे मारण्याची धमकी देतो, पण त्यांना प्रश्न विचारतो आणि उत्तरे ऐकून शरण येतो. अंगुलिमाल तर हाडामांसाचा माणूसच होता, तो भिक्खू झाला. राक्षसाला मारावयाचे नाही, त्याचे राक्षसपण काढून घ्यावयाचे.

पण सावध राहिले पाहिजे. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू भारतात आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की विहारांच्या ओसरीत किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात हारितीचे चित्र असे आणि तिला रोज अन्न ठेवीत. ज्यांना मूल नाही ते तिला मूल मागत. पाहा, जी भीती घालवण्यासाठी गोष्ट सांगितली तिचीच पुन्हा देवी झाली! आपणही हेच करू. उद्या कोणी म्हणेल, सटवाई सोडली ना, मग पाचवीला हारितीपुढे पाटावर लेखणी-कागद ठेवू. नको. बाळाच्या कपाळी कोणी काही लिहून जात नाही. जे लिहावयाचे ते त्याला शाळेत घातल्यावर तो स्वतः लिहील.

आजारांनाही आपल्या लोकांनी चेहरे दिले होते. पटकीची मरीआई, आणि तिचा गाडा गावाबाहेर ओढून नेण्याचे काम आपल्याच माथी. ज्या रोगाला आपण देवी म्हणत होतो त्याचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, आणि १९८० साली तो रोग जगातून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. तो लस टोचून गेला. कोंबडी-बकरी खाऊन शांत झाला असता तर आपल्या पूर्वजांनी केव्हाच शांत केला असता.

येथपर्यंत लिहिणे सोपे होते. आता जे लिहिते ते अवघड आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत एक तान्हे मूल न्यूमोनियाने गेले. दवाखान्यात नेण्यास उशीर झाला होता. आठ दिवसांत कुजबुज सुरू झाली, की गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी ती विधवा त्या घरी दोन दिवस आधी येऊन बाळाला पाहून गेली होती. कोणी तोंडाने करणी म्हटले नाही. भिंतीवर बाबासाहेबांची आणि भगवंतांची तसबीर असलेल्या घरांत ही कुजबुज झाली. बाया आपली लेकरे तिच्या वाटेवरून उचलून घेऊ लागल्या. अशा रीतीने कोणा व्यक्तीवर करणीचा, चेटकाचा आळ घेणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने तो कायदा मंजूर केला. परंतु कुजबुजीवर फिर्याद कोण करणार? मनात राक्षसिणीचे चित्र टांगलेले असले की ते कोणाच्या तरी चेहऱ्यावर बसविल्याशिवाय चैन पडत नाही. ज्या घरची मुलगी कधी काळी पूतना ठरली तेही घर याला अपवाद नाही.

कारण अजिंठ्याच्या सहलीला त्या बाईंना कोणी बोलाविले नव्हते. वर्गणीची यादी मीच केली होती. तिच्यात त्यांचे नाव नव्हते, आणि ते नाही हे माझ्या लक्षात आले होते. बसमध्ये जागा भरल्या आहेत असे मी स्वतःला सांगितले. सहाव्या सेनेचे शिपाई असेच साध्या वेषात येतात.

आता उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. या खेपेस मी प्रथम त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, मी तो घेतला, आणि यादीत पहिले नाव त्यांचे लिहिले. आजींना ते समजले. बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "येऊ दे. पन खिडकीपाशी मी बसनार."

तुम्हीही जाल तेव्हा ध्यानात ठेवा, सोमवारी लेणी बंद असतात. दुसऱ्या लेण्यात शिरल्यावर घाई करू नका, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. हारितीचा चेहरा पाहून झाला की तिच्या पायाशी, अगदी खालच्या पट्टीत पाहा. लहान मुलांची रांग कोरलेली आहे. एका बाजूला हातात छडी घेतलेले गुरुजी आहेत. जवळची मुले मान खाली घालून अभ्यास करीत आहेत, आणि लांबची, जिथवर छडी पोहोचत नाही तिथली, खुशाल खेळत आहेत.